सुनौली ते कलंकी

मावशीने आमच्याकडून एकच शब्द घेतला होता. नेपाळात रात्रीच्या बसमध्ये बसायचं नाही.

मावशी भुसावळची. २३ ऑगस्ट २०२४ ला नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ माणसं गेली. बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळ पट्ट्यातली. मावशीच्या गल्लीत पुढे कित्येक दिवस दुसरं बोलणं नव्हतं. ती बस तर भर दिवसा कोसळली होती. मावशी म्हणायची, दिवसा ही गत, मग रात्रीचं काय? आणि तीनच महिन्यांनी मी तिच्या लेकीला घेऊन त्याच देशात बसने जायला निघाले होते.

जायचं होतं लांगटांगला, ट्रेकसाठी. विमानाने गेलं तर काठमांडू अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण आम्हाला जमिनीवरूनच जायचं होतं. पैसे वाचतात हे एक कारण. दुसरं असं की लहानपणापासून आम्ही दोघी नकाशावर बोट फिरवत ही रेघ काढत आलो होतो: नाशिकरोड, भुसावळ, गोरखपूर, सुनौली, काठमांडू. सरहद्द पायी ओलांडायची मला फार हौस होती.

तयारीतली सगळ्यात चिकाटीची गोष्ट म्हणजे शंभराच्या नोटा. तेव्हा नेपाळात शंभरच्या वरची भारतीय नोट चालत नव्हती, त्यामुळे बँकेत दोनदा जाऊन शंभराची बंडलं मिळवली. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. बंडल मोजता मोजता त्यांनी सांगितलं की नेपाळच्या पहिल्या कागदी नोटा १९४५ साली आपल्या इथेच, नाशिकरोडलाच छापल्या होत्या. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा दर १९९३ पासून बदललेला नाही. तिकडे आपल्या रुपयाला ‘आईसी’ म्हणतात आणि त्यांच्या रुपयाला ‘एनसी’. कुणी किंमत सांगितली की आधी हे विचारून घ्यावं, नाहीतर हिशेब दीडपटीहून जास्त चुकतो.

२० नोव्हेंबरला सकाळी विधानसभेचं मतदान केलं आणि त्याच रात्री बोटावरच्या शाईसकट गाडीत बसले. छठ होऊन गेली होती, त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बऱ्यापैकी जागा होती. पंधरा दिवस आधी निघालो असतो तर डब्यात पाय ठेवता आला नसता.

भुसावळला पहाटे मावशी फलाटावर उभी होती. स्वेटरवरून पदर घेतलेला, हातात पिशवी. पिशवीत भरीत, कळण्याच्या पुऱ्या, ठेचा आणि दोन दिवस टिकतील अशा दशम्या. लेकीला डब्यात चढवून ती खिडकीशी आली आणि माझा हात धरून म्हणाली, “तू मोठी आहेस. रात्रीच्या बसने जायचं नाही. उशीर झाला तर होऊ दे, लॉज करा. शब्द दे.” मी दिला. गाडी हलली तरी ती हात सोडत नव्हती.

गाडीचं फार सांगण्यासारखं नाही. लखनौनंतर ती रखडली ती रखडलीच. शुक्रवारी सकाळी लवकर पोचायची ती गोरखपूरला अकराच्या पुढे लागली. स्टेशनबाहेरून जीप मिळाली, मागच्या बाकावर चौघांच्या जागेत सहा जणी. फरेंदा, नौतनवा करत साधारण शंभर किलोमीटरला सव्वातीन तास. घरून निघून तेव्हा आम्हाला दीड दिवसाच्या वर झाला होता आणि खरा प्रवास अजून सुरूही झाला नव्हता.

सुनौलीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मालट्रकची रांग लागते. किती लांब ते कळत नाही, नुसती चाकं आणि ताडपत्र्या. जीप त्या रांगेच्या बाजूने मुंगीसारखी सरकत होती आणि एकदम ओळखीचा वास आला. कांद्याचा. मान वळवून पाहिलं तर एमएच १५. बहिणीने खिडकीतूनच हाक मारली, “काका, नाशिकचे का?” खाली बसून स्टोव्हवर चहा करणारा माणूस उठून उभाच राहिला. निफाडकडचा होता. दोन दिवस रांगेत. आम्ही उरलेलं अंतर चालत जायचं ठरवून तिथेच उतरलो आणि त्याचा चहा घेतला. कुठे निघालात, कशाने, सगळं त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, “ताई, रात्रीचं नका जाऊ. आम्ही काय पुढे जात नाही, भैरहवाला माल उतरवून माघारी. पण तिकडचे ड्रायव्हर भेटतात ना. दाउन्नेच्या डोंगरावर रस्त्याचं काम चालूय. रात्री अडकलात तर कोणी विचारायला नाही.”

म्हणजे एकदा भुसावळला, एकदा सुनौलीला, दोनदा मला सांगून झालं होतं.

सरहद्द स्वतः अगदी साधी निघाली. आपल्या बाजूची कमान, सशस्त्र सीमा बलाचे जवान, बॅगा तपासायचं टेबल. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, तरी मी पासपोर्ट आणि मतदार ओळखपत्र दोन्ही हातात धरलं होतं. जवानाने कार्ड पाहिलं, मग बोट पाहिलं. “वोट डालके आयी हो? अच्छा किया,” म्हणाला आणि सॅककडे न बघताच जाऊ दिलं. शंभर-दीडशे पावलांवर नेपाळची कमान. तिथे आम्हाला कुणी काहीच विचारलं नाही. सायकली, हातगाड्या, शाळेतली मुलं, डोक्यावर पोती घेतलेल्या बायका, सगळी त्याच कमानीतून ये-जा करत होती. पलीकडे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, एवढाच फरक.

आणि एक फरक होता, तो मला फार आवडला. परदेशात आलो होतो आणि सगळ्या पाट्या वाचता येत होत्या. देवनागरीच. ‘भन्सार’ म्हणजे जकात, ‘अध्यागमन’ म्हणजे इमिग्रेशन, हे लावून लावून समजत होतं. बहीण प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती. तिचा थकवा त्या पाच मिनिटांत कुठच्या कुठे गेला होता.

कमानीपलीकडच्या नेपाळी गावात, बेलहियात, चार वाजून गेले होते. ठरल्याप्रमाणे लॉज घ्यायचं, झोपायचं आणि सकाळची बस पकडायची. पण रविवारी सकाळी काठमांडूहून लांगटांगच्या बाजूची बस होती. दिवसाच्या बसने शनिवारी रात्री किती वाजता पोचू याचा भरवसा नव्हता. तिकीटवाला सांगत होता, साडेसहाची डिलक्स आहे, पहाटे पाचला काठमांडू. एक दिवस वाचत होता. लॉजचे हजारेक रुपये वाचत होते. बसमध्येच झोप होऊन जाईल, असं मी म्हणाले. बॅकपॅक घेऊन फिरणारे आपण सगळेच हे म्हणतो. रात्रीचा प्रवास म्हणजे एका मुक्कामाचा खर्च वाचला, हा हिशेब आपल्यात इतका मुरलाय की तो हिशेब आहे हेही लक्षात येत नाही.

बहीण म्हणाली, “ताई, आईला काय सांगायचं?”

बेलहियात आपलं सिम अजून रेंज पकडतं. मी फोन लावला आणि मावशीला सांगितलं, पोचलो, लॉज बघतोय. बहीण माझ्याकडे बघत उभी होती. काही बोलली नाही. तिकिटाच्या कागदावर नेपाळी पंचांगातलं मंसिर २०८१ असं लिहिलेलं होतं. ती ते वाचत राहिली.

बस सव्वासातला निघाली. डिलक्स म्हणजे खिडक्यांना पडदे आणि छताला निळे-जांभळे दिवे. सीट मागे होत नव्हत्या आणि गुडघे पुढच्या पाठीला टेकत होते. आमच्या सीट मागच्या चाकाच्या बरोबर वर होत्या, हे मी तिकीट काढताना विचारायला हवं होतं. सगळ्या सीट भरल्यावर मधल्या वाटेत वेताचे मुढे मांडले गेले आणि त्यांवर आणखी माणसं बसली. मुंबईहून, लुधियानाहून, गुजरातेतून घरी चाललेली. खलासी, म्हणजे तिथला क्लीनर, जेमतेम अठराचा असेल. त्याने वरच्या दांड्यावरून काळ्या पिशव्यांचा जुडगा ओढला आणि सगळ्यांना एकेक वाटली. कशासाठी ते आम्हाला बुटवलच्या पुढे कळलं.

अंतर तसं कितीसं होतं? भैरहवा ते काठमांडू सुमारे २८० किलोमीटर. नाशिकहून जळगावपेक्षा थोडं जास्त. दुपारी जेवून निघालं तर रात्रीच्या जेवणाला पोचावं एवढं. आकडा बघून आपण वेळ ठरवतो, कारण आपल्याकडे आता तसं ठरवता येतं. मी मनात तेच केलं होतं.

नऊनंतर बर्दघाटच्या अलीकडे जेवायला थांबलो. दाल-भात. पितळी ताट, मधोमध भात, भोवती डाळ, रायोची भाजी, मुळ्याचं लोणचं. वाढणाऱ्या दिदी न विचारता पुन्हा वाढत होत्या. आम्ही हात आडवा धरला तरी थांबेनात. शेजारी बसलेली बाई हसून म्हणाली, “बोलो, पुग्यो.” पुग्यो म्हणजे पुरे झालं. तिच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं बाळ होतं. नवरा सुरतेला हॉटेलात स्वयंपाकी, ती सासूच्या आजारपणासाठी एकटी गावी निघाली होती. बसमध्ये ती आमच्या पुढच्याच सीटवर होती. पुढची सगळी रात्र आम्ही तिच्या आधाराने काढली.

जेवणाच्या ठिकाणी शौचालयापुढे मोठी रांग होती आणि खलासी हॉर्नवर हॉर्न देत होता. मी म्हटलं, राहू दे, पुढे थांबेलच.

बुटवल ते नारायणगढ हा ११४ किलोमीटरचा पट्टा महेंद्र राजमार्गाचा भाग. पूर्व-पश्चिम अख्खा नेपाळ याच रस्त्याने जोडलेला. २०१९ पासून त्याचं चौपदरीकरण चाललं होतं. मधे दाउन्नेचा डोंगर लागतो आणि तिथे तेव्हा जुना रस्ता उकरून ठेवला होता, नवा अजून झालेला नव्हता. पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात धूळ. आम्ही चढायला लागलो तेव्हा हेडलाइटच्या उजेडात फक्त धूळ दिसत होती, पिठाची गिरणी चालू असावी तशी. खिडक्या बंद होत्या तरी ती आत येत होती. दातांत कचकच. बहिणीने ओढणी ओली करून नाकाला बांधली. बस खड्ड्यात उतरली की चाकावर बसलेल्या आम्हा दोघींचं डोकं वरच्या रॅकला लागायचं. मागे कुणाला तरी उलटी झाली, मग आणखी एकाला, मग तो वास. काळी पिशवी आता हातात घट्ट धरून बसावं लागत होतं.

पावणेअकराला बस थांबली आणि इंजिन बंद झालं.

पुढे वळणावर मालट्रक फसला होता. त्याच्या बाजूने जायच्या घाईत दुसरा अडकला. मग समोरून येणाऱ्यांनी दोन्ही रांगा भरून टाकल्या. हे सगळं अर्ध्या तासाने कळलं, तोवर नुसता अंधार. खलासीला विचारलं किती वेळ. तो म्हणाला, “जाम,” आणि पायरीवर बसून डोळे मिटले.

पहिला तास माणूस चिडतं. दुसऱ्या तासात कारण शोधतं. त्याच्यापुढे फक्त शरीर उरतं. माझे पाय सुजून बुटांत मावेनात, म्हणून बूट काढले. मग थंडी वाजली, म्हणून पुन्हा घालायला गेले तर जाईनात. कंबरेत एकाच जागी ठणका. पाय लांब करायचा तर मुढ्यावरच्या माणसाच्या पाठीला लागणार. मी माझं सगळं लक्ष एका गोष्टीवर लावून बसले होते, ती म्हणजे लघवी. गोरखपूरपासून मी जाणून-बुजून पाणी पीत नव्हते. निफाडच्या काकांच्या चहावर आणि जेवणातल्या दोन घोटांवर होते. तरीही.

यावर मोकळं लिहायला हवं. आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. आजी सप्तशृंगीला जाताना आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची आणि आम्हालाही तेच सांगायची, एसटीत पाणी कमी प्यावं. आई तेच करते, मीही तेच करते, आणि त्या रात्री बाजूला बसलेली पंचवीस वर्षांची माझी बहीणही तेच करत होती. डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं, चक्कर येते, मूत्रमार्गाचे आजार लागतात. तरी आपण याला नियोजन म्हणतो. सामानाच्या याद्या करताना हे कुणी लिहीत नाही. पुरुष खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहत होते, बिड्या पेटवत होते, परत येऊन झोपत होते. बायकांतली एकही उतरली नव्हती.

साडेबाराला बाळाची आई उठली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “दिदी, जाना है न? मुझे भी जाना है. सब चलते हैं.” तिने मागच्या दोघी म्हाताऱ्या बायांनाही उठवलं. बाळ माझ्या बहिणीच्या हातात दिलं, मग बहिणीलाही बाळासकट सोबत घेतलं. मोबाइलच्या उजेडात आम्ही उतरलो. रस्त्याच्या कामाचा पत्र्याचा कंटेनर उभा होता, त्याच्या मागे. चौघी पाठ करून उभ्या, मधे शाल ताणून धरलेली, एकेक जण आत. थंडी चावत होती, पायाखाली खडी, साल वृक्षांचं काळं रान डोक्यावर. मी आत होते तेव्हा बाहेर त्या म्हाताऱ्या नेपाळीत काहीतरी बोलून हसत होत्या आणि मला रडू येत होतं. इतकं हलकं वाटलं.

परत आल्यावर मी अर्धी बाटली पाणी प्यायले. बहिणीलाही प्यायला लावलं. मावशीच्या दशम्या काढल्या, ठेचा काढला, पुढच्या सीटवर दिल्या. एक म्हातारी ठेचा खाऊन डोळे पुसत होती आणि पुन्हा मागत होती.

दीडच्या सुमाराला मी पाय मोकळे करायला खाली उतरले. चालकांनी रस्त्याच्या कडेला शेकोटी केली होती. नेपाळात बसच्या चालकाला ‘गुरुजी’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द शाळेतला किंवा पूजेतला, म्हणून पहिल्यांदा ऐकताना मी चमकले होते. आमचे गुरुजी चाळिशीतले, बुटके, कानटोपी घातलेले. बाटलीतलं गार पाणी हातावर घेऊन डोळ्यांवर मारत होते. मी विचारलं, “गुरुजी, आप कब सोये थे?” ते सरळ सांगत गेले, तक्रार म्हणून नव्हे. काल रात्री काठमांडूहून गाडी खाली आणली. तीही इथेच अडकली, सकाळी दहाला भैरहवा. गाडी धुतली, टायर बघितला, दुपारी दोन तास पडले. आता वर न्यायची. उद्या रात्री पुन्हा खाली.

मी शेकोटीजवळ उभी राहिले आणि हिशेब डोक्यात दुसऱ्या बाजूने मांडला गेला. माझा वाचलेला दिवस, माझे वाचलेले हजार रुपये या माणसाच्या डोळ्यांतून निघत होते. रात्रीची बस आहे कारण रात्रीच्या बसची तिकिटं मी काढते. बसमध्ये बेचाळीस सीट, वर मुढे, बाळं वेगळी. आणि सगळ्यांच्या वाट्याला मिळून दोन तासांची झोप.

तेव्हाच ठरवलं की परतीला सकाळची बस, मग काहीही होवो. तसंच केलं. दिवसाही दाउन्नेला दोन तास गेलेच, पण बाहेर उजेड होता आणि चालक रात्री झोपलेला होता. हे मी बसण्याआधी विचारून घेतलं. विचारलं तर कुणाला राग येत नाही, असा माझा अनुभव.

साडेतीनला रांग हलली. मी खलासीला विनंती केली की मला पुढे केबिनमध्ये बसू दे. तो बिचारा झोपेने झुलत होता, लगेच हो म्हणाला आणि माझ्या सीटवर जाऊन पडला. केबिनमध्ये काचेपाशी आडवा बाक असतो, त्यावर बसले. समोर झेंडूची माळ, देवीचा फोटो, बारीक आवाजात दोहोरी चाललेली. बाई आणि बुवा गाण्यातून एकमेकांना उत्तरं देतात, तशी. मी सॅकमधून नाशिकचा चिवडा काढला, तिखट, आणि गुरुजींच्या हाताशी ठेवला. ते एका हाताने बकाणा भरायचे, सी-सी करायचे, पाणी प्यायचे. मी बोलत राहिले. जे सुचेल ते. कसारा घाटाबद्दल, द्राक्षांबद्दल, बाबांच्या प्रेसमध्ये त्यांच्या देशाच्या पहिल्या नोटा कशा छापल्या त्याबद्दल. त्यावर ते खूश झाले. आपल्या मुलीबद्दल बोलले, ती बारावीला होती. दोनदा ते बोलता बोलता थांबले आणि मी मुद्दाम मोठ्याने काहीतरी विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी लगेच उत्तर दिलं. तरी माझा हात बाकाच्या दांड्यावरून सुटला नाही.

नारायणगढला उजाडत होतं. चहा झाला. इथून थोडं वर देवघाटला काली गंडकी आणि त्रिशूली एकत्र येतात, पुढे तीच नारायणी, आपल्याकडे उतरल्यावर गंडक आणि शेवटी गंगा. आजीच्या देवघरातला शाळिग्राम याच काली गंडकीतला. नाशकात आम्ही गोदावरीलाच गंगा म्हणतो, गंगेवर जाऊन येते असं म्हणतो. तिथे धुक्यात ती नदी बघताना पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच खूप लांब आलो.

मुगलिंगपर्यंतचे ३६ किलोमीटर रस्ता त्रिशूलीला चिकटून जातो. एका बाजूला कातळ, एका बाजूला थेट नदी. सिमलताल आलं तेव्हा गुरुजींनी गाणं बंद केलं. १२ जुलै २०२४ च्या पहाटे इथे दरड आली आणि दोन बस प्रवाशांसकट नदीत गेल्या. कित्येकांचे मृतदेहसुद्धा मिळाले नाहीत. डोंगरावर दरडीचा ओरखडा अजून ओला असल्यासारखा तांबडा दिसत होता. केबिनच्या काचेतून मागे पाहिलं तर जागी असलेली माणसं खिडकीकडे बघत होती आणि बाळाच्या आईने कपाळाला हात लावला होता. गुरुजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, अगदी सावकाश, तेवढा पट्टा पार करून गेले आणि मग पुन्हा गाणं लावलं.

मुगलिंगला डावीकडून मर्स्यांगदी येऊन मिळते. हिरवी, वेगवान, सुंदर नदी. बहीण तोवर उठून केबिनच्या दाराशी आली होती. आम्ही दोघींनी ती नदी पाहिली आणि दोघींच्याही मनात वरणगाव होतं. बोललो नाही.

पुढचे ११० किलोमीटर मला तुटक आठवतात. कुरिनटारला मनकामना देवीच्या रोपवेचे पाळणे तारेवरून वर जाताना दिसले. मलेखूला तळलेल्या माशांच्या माळा टांगलेल्या. शनिवार होता, तिकडे सुट्टीचा दिवस, म्हणून वरून येणारी वाहनं कमी. नाशकात त्या सकाळी मतमोजणी सुरू झाली असणार. फोन मेलेला होता. नौबिसेपासून नागढुंगाची चढण लागली आणि इथे पुन्हा रांग, पहिल्या गिअरमध्ये. खालून डोंगरात बोगदा खणून झालाय, तो सुरू झाला की ही चढण टळेल, असं गुरुजींनी दाखवलं. सप्टेंबरअखेरच्या पावसात याच चढणीवर झ्याप्ले खोला इथे दरडीखाली गाड्या गाडल्या गेल्या होत्या. तिथे रस्ता नव्याने बांधलेला होता आणि कडेला पांढऱ्या खादा, म्हणजे उपरण्यासारखी वस्त्रं, बांधलेल्या काठ्या होत्या.

माथ्यावर आलो आणि समोर अख्खं खोरं उघडलं. घरंच घरं. मागे, खूप मागे, ढगांच्या वर बर्फाची एक रेघ. बहीण रडायला लागली आणि म्हणाली, “काही नाही गं ताई, पाय दुखतायत.”

पावणेबाराला काठमांडूतल्या कलंकीच्या चौकात बस थांबली. खलासीने दाराची पत्र्याची कड थापटली आणि ओरडला, “पुग्यो, पुग्यो, काठमाडौं पुग्यो!” पुग्यो म्हणजे पोचलंसुद्धा, हे बाळाच्या आईने उतरता उतरता सांगितलं. तिला अजून दुसऱ्या बसने पुढे चार तास जायचं होतं. बहिणीने बाळाच्या हातात उरलेली गूळपोळी दिली.

साडेसोळा तास. नाशिकरोडहून धरले तर साठीच्या आसपास. मी उतरले तेव्हा जमीन हलत होती.

लॉजवर वायफाय मिळाल्या मिळाल्या मावशीला फोन लावला. बहीण म्हणाली, मी सांगू का? मी म्हटलं, नको, शब्द मी दिला होता. सगळं सांगितलं. लॉज बघतोय म्हणाले ते खोटं होतं, रात्रीच्या बसने आलो, दाउन्नेला अडकलो, गुरुजी दोन तास झोपलेले होते. मावशी मधे एकदाही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग तिचा आवाज आला, जरा घोगरा.

“त्या ड्रायव्हरला जेवायला कोणी विचारलं का? झोपला का तो आता?”

मी बस सोडली तेव्हा ते टपावरच्या बॅगा उतरवायला वर चढले होते. संध्याकाळी त्यांना तीच गाडी खाली न्यायची होती.